जप्तीला भरलेला टँकर

निवृत्ती, लेका, तुझ्या मरणाचा दाखला पालिकेनं चहा गार व्हायच्या आत दिला!

तुझा पोरगा बाळासाहेब आणि मी गेलो होतो. खिडकीत एक पोरगी, पुढ्यात कॉम्प्युटर. तुझं नाव विचारलं, तुझ्या बापाचं विचारलं, खाडखाड बोटं मारली आणि कागद बाहेर. सहीशिक्क्यासकट. मी आपला तिथंच उभा. ती म्हणाली, "आजोबा, झालं तुमचं काम. सरका." म्हटलं, "बाई, ह्याच पालिकेनं ह्याच माणसाला सोमवारी या, सोमवारी या करून चपला झिजवायला लावल्या. आणि आज एवढी लगबग?" तिला काय ठाऊक. तेव्हा ती परकरात असेल. मी खो खो हसलो, बाळासाहेब घाबरला, म्हणाला, "काका, लोक बघतायत." बघू देत. बाहेर आलो आणि पायरीवर बसून रडलो, तेही लोकांनी बघितलं.

आता तुझा दहावा उरकलाय आणि मी लिहायला बसलोय. माझी चौथी झालेली, तुझी तीही धड नाही. गेलेल्या माणसाचं चांगलं तेवढं लिहावं म्हणतात. मी नाही लिहिणार. तू भांडण अर्धं टाकून गेलास. बाकी ठेवणाऱ्याला आपण दोघांनी जन्मात सोडलं नाही, मग तुला कसा सोडीन?

सगळं पहिल्यापासून मांडतो. तुला माहीत आहे, पण तू सांगायचास तेव्हा माझा भाग गाळून सांगायचास.

नव्वदीच्या शेवटाशेवटाला तो कडक उन्हाळा पडला. गावाचे नळ आधी एक दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा, मग नुसती हवा सोडायला लागले. पालिकेनं टँकरचा ठेका काढला. तुझ्या मळ्यात विहीर, ओढ्याकाठची, तिचं पाणी कधी तुटलं नाही. माझ्याकडे ट्रॅक्टर आणि लोखंडी टँकर. तू संध्याकाळी आलास, खाटेवर बसलास आणि म्हणालास, "आप्पा, पाणी माझं, चाकं तुझी. घ्यायचा का ठेका?" मी विचारलं, "आणि तुझे गुलाब?" तू म्हणालास, "गुलाब काय, पुढच्या साली परत फुलतील. माणसं थोडीच फुलणारेत."

गुलाबाचं पाणी तोडून तू गावाला दिलंस. सुमनवहिनी रोज सकाळी वाळलेल्या ताटव्यातून फिरायच्या आणि माझ्याकडे अशा बघायच्या की जणू मीच विळा घेऊन फिरलोय.

काय दिवस होते ते! पहाटेला टँकर भरायचा, खालच्या आळीपासून सुरुवात करायची. तू टँकरच्या मागं तोटीवर, मी ट्रॅक्टरवर. कोपऱ्यावर आलं की तू ओरडायचास, "वाजव!" आणि मी भोंगा वाजवायचो. भोंगा ऐकून घराघरातनं घागरी अशा पळत यायच्या! बायांची भांडणं तूच मिटवायचास. "एऽ मावशे, तुझा हंडा हाय का विहीर? किती भरायचं?" त्या तुला शिव्या द्यायच्या आणि पोराच्या बारशाला पहिलं बोलावणंही तुलाच.

पाऊस पडला, ठेका संपला, बिल गेलं. आणि तिथून सुरू झालं.

काम झालं नाही, असं कोणीच म्हणत नव्हतं रे! हेच तर माझ्या डोक्यात बसायचं नाही. बिलावर सही होती, शिक्का होता, सभेचा ठराव होता. नव्हते ते फक्त पैसे. मुख्याधिकारी गोड बोलायचे. "शासनाचं अनुदान आलं की पहिलं तुमचंच बिल." मी एकदा टेबलावर हात आपटून म्हणालो, "साहेब, अनुदान तुम्हाला यायचंय, मला नाय. मी पाणी शासनाला नाय पाजलं, तुमच्या गावाला पाजलं. ज्यानं बोलावलं त्यानं द्यायचं." तू मागून माझा सदरा ओढत होतास.

पुढच्या उन्हाळ्यात परत टंचाई. पालिकेनं परत निरोप पाठवला, आणि तू हो म्हणून बसलास! न विचारता! मी तुझ्या मळ्यात येऊन जो तमाशा केला तो तुझ्या कुत्र्यालासुद्धा आठवत असेल. मी म्हटलं, तोटी बंद कर, गावाला दोन दिवस कोरडं पडू दे, मग बघ कसे पळत येतात पैसे घेऊन. तू विहिरीच्या काठावर बसून विडी ओढत होतास. म्हणालास, "पैशे पालिकेनं द्यायचेत. तहान बायांची हाय. पालिकेचं देणं बायांच्या घशातनं वसूल नाय करायचं."

मी शिव्या घालतच ट्रॅक्टर चालू केला. पण म्हणून मी गप्प बसलो असं समजू नकोस. वकील मी शोधला. मी! नाशिकला कोर्टाच्या समोरच्या बोळात, जिना चढून वर. हे तू कधी कोणाला सांगायचा नाहीस.

मधे पालिकेचा तो सभासद आला होता, आठवतं? पांढरे कपडे, हातात अंगठ्या. म्हणाला, "निम्मे घ्या, पूर्ण पावल्याची सही करा, उद्या चेक." पंपवाला मला डिझेलच्या उधारीवरून चारचौघांत टोमणे मारत होता. "काय पालिकेचे ठेकेदार, आज तरी रोख का?" तरी मी सभासदाला म्हटलं, "निम्म्या घागरी भरल्या असत्या तर निम्मे घेतले असते." तू म्हणालास, "चहा घ्या आणि निघा." त्या एका दिवशी आपलं एकमत होतं. तसा दिवस परत आला नाही.

खटला चालला. किती तारखा, सोड. तू दर तारखेला माझ्याबरोबर एस.टी.नं नाशिकला यायचास, कोर्टात बाकावर झोपायचास आणि बाहेर आल्यावर मिसळ खाऊन मला विचारायचास, "काय म्हणला जज?" शेवटी निकाल लागला. पाणी मागितलंत, घेतलंत, वापरलंत. तिजोरी रिकामी आहे हे देणं बुडवायचं कारण होत नाही, व्याजासकट द्या. वकीलसाहेबांनी मराठीत समजावून सांगितलं तेव्हा मी तिथंच फेटा उडवला. आणि पालिकेनं काय केलं? काहीच नाही! निकालाची नक्कल फायलीत लावली आणि म्हणाले, सोमवारी या.

मग जप्ती.

निवृत्ती, तो दिवस आठवला की आजही माझ्या अंगावर काटा येतो, खोटं नाही सांगत. वकीलसाहेबांनी बजावलं होतं: कोर्टाचा बेलिफ येईल, वॉरंट त्याच्याकडे, पण सामान वाहायला गाडी तुमची, हमाल तुमचे. मी हमाल ठरवले. तुला एकच काम सांगितलं. "वाहन घेऊन ये." मी ट्रॅक्टर आदल्या दिवशीच तुझ्या मळ्यात, टँकरशेजारी लावून ठेवला होता. तुझ्या शेजाऱ्याची ट्रॉली होती, मोकळी, जोडायची नि आणायची. एवढंच!

सकाळी बेलिफ उतरला. किरकोळ माणूस, काखेत पिशवी. आम्ही पालिकेच्या दारात उभे. आणि कोपऱ्यावरनं तू आलास. टँकर घेऊन!

मी बोंबललो, "अरे, तुला वाहन आण म्हटलं होतं!"

"मग हे काय बैल हाय?"

"खुर्च्या कशात घालणार? टाकीत?"

"वर बांधू की दोरीनं."

आणि तेवढ्यात मला दिसलं, तोटीतनं पाणी ठिबकतंय. भरलेला! गळ्यापर्यंत भरलेला टँकर घेऊन हा माणूस जप्तीला आलाय! मी कपाळावर हात मारला. तू शांतपणे म्हणालास, "रिकामं भांडं घेऊन कोणाच्या दारात जाऊ नये, आई म्हणायची. टँकर गावात न्यायचा तर भरूनच न्यायचा. मी कधी रिकामा नेलाय का?"

बेलिफ म्हणाला, "मी नोकरीत लय जप्त्या केल्या, पण पाणी घेऊन आलेला सावकार पहिल्यांदा बघतोय."

ह्यावरही भागलं असतं तर ठीक. पण कोपऱ्यावर आलं की भोंगा वाजवायची सवय. येताना तू तो वाजवूनच आला होतास! आणि नळ त्या दिवशी कोरडेच होते. "टँकर आला गंऽ!" म्हणत खालची आळी, वरची आळी, सगळ्या घागरी, हंडे, कळशा पालिकेच्या दारात. मी म्हटलं, "बायांनो, आज पाणी नाय, आज जप्ती हाय." कोण ऐकतंय? आणि तू कुठं होतास? मागं. तोटीवर.

मी रागारागानं बेलिफाला घेऊन आत गेलो. मुख्याधिकारी नवे होते, तरुण, घामाघूम झाले. म्हणाले, "सोमवारपर्यंत मुदत द्या." बेलिफ म्हणाला, "साहेब, माझ्याकडे वॉरंट आहे, कॅलेंडर नाही." वा! त्या माणसाचा मी तिथंच मुका घेतला असता. कपाटं, पंखे, टायपिंगचं मशीन, एकेक लिहून बाहेर निघायला लागलं. नगराध्यक्षांची गोल फिरणारी खुर्ची मी स्वतः उचलली. हमालाला हात लावू दिला नाही. कितीदा त्या खुर्चीसमोर उभं राहिलो होतो आपण, कोणी बसा म्हटलं नव्हतं. ती छातीशी धरून जिना उतरलो, आणि टँकरशेजारी ठेवली, आणि वळून बघतो तर खालच्या आळीतली शेवंताबाई तिच्यावर बसलेली! मांडीवर घागर.

"अगं बये, ऊठ! ती जप्तीतली हाय!"

"असू दे. माझी कंबर बी कवाची जप्त झालीया. नंबर येईस्तोवर बसते."

सगळ्या बाया हसल्या. मग तिनंच विचारलं, "पण काय चाललंय काय हे? खुर्च्या का काढताय?"

मी तोंड उघडणार, तर तू. तोटी न सोडता, इकडे न बघता, एखादा हवापाण्याचं बोलतो तसा म्हणालास, "त्या उन्हाळ्यातल्या पाण्याचे पैशे पालिकेनं अजून दिले नाय ना. म्हणून कोर्टानं धाडलंय."

बायांच्या माना तुझ्याकडे वळल्या. कोणाची तरी घागर भरून वाहायला लागली.

शेवंताबाई उठली. "कंच्या? माझ्या सुनेच्या बाळंतपणातल्या?"

"हां, त्याच."

"म्हणजे आम्ही फुकटचं प्यालो?"

"तुम्ही कशाला फुकटचं? तुम्ही पट्टी भरली असंल की."

"भरली म्हणजे? नाकावर टिच्चून भरली! नळाला पाणी नव्हतं तरी भरली. पावती हाय घरात!" आणि ती बाई, कंबर जप्त झालेली, भरली घागर कमरेवर घेऊन पालिकेचा जिना चढायला लागली. मागं सगळ्या. आम्ही वरून कपाट खाली आणतोय आणि खालून घागरी वर येतायत. हमालांना जिन्यावर रस्ता मिळेना. बेलिफ भिंतीला चिकटून उभा.

मुख्याधिकाऱ्यांच्या खोलीत एकही खुर्ची उरली नव्हती, ते आपले उभेच. शेवंताबाईनं त्यांच्या टेबलावर घागर ठेवली. धप्! "सायेब, माझ्या नातवाला मी दुसऱ्याचं बुडवलेलं पाणी पाजलं होय? आमचं नाव घालवलं तुम्ही. ह्या आज भरलेल्याचं आज आन् त्या भरलेल्याचं व्याजासकट द्या. तवर घागरी हितंच." आणि बाकीच्यांनी टेबलावर, जमिनीवर, दारात, जिन्याच्या पायरी-पायरीवर घागरी मांडल्या. पाय ठेवायला जागा नाही! सांडलेलं पाणी कागदांच्या गठ्ठ्यांखाली शिरायला लागलं. कारकून फायली डोक्यावर धरून उभे.

नगराध्यक्ष आले. दारातनंच घागरी बघितल्या, खाली टँकरशेजारी आपली खुर्ची बघितली. कोणाशी काय बोलले देव जाणे. पण ज्या तिजोरीत इतकी वर्षं खडकू नव्हता, तिच्यातनं दिवस मावळायच्या आत पुऱ्या रकमेचा चेक निघाला, कोर्टात भरायला. बेलिफानं जप्तीचं सामान परत दिलं, आणि खुर्ची ओली का आहे ह्यावरून पंचनाम्यात काय लिहावं म्हणून डोकं खाजवत बसला.

आणि आपण ट्रॅक्टरवर घरी निघालो. मी गाणं म्हणत होतो. मी म्हटलं, "बघितलंस? वॉरंटाचा दणका!" तू मडगार्डवर बसलेला, भिजलेला. म्हणालास, "वॉरंट? वॉरंटानं खुर्च्या मिळाल्या असत्या. पैशे पाण्यानं आले."

झालं! तिथं जे भांडण लागलं ते लागलंच.

मी म्हणायचो, वॉरंट नसतं तर तू टँकर घेऊन तिथं आला असतास कशाला? तू म्हणायचास, मी ट्रॉली आणली असती तर आजही त्या खुर्च्या तुझ्या गोठ्यात असत्या आणि त्यांच्यावर कोंबड्या बसल्या असत्या. मी म्हणायचो, देणं ते देणं, ते कायद्यानं सिद्ध झालं, बायांच्या दयेनं नाही. तू म्हणायचास, दया कुठली, त्याच तर मालकिणी हायत पालिकेच्या, मालकाला कळल्याशिवाय नोकर देतो का? लग्नात, मयतीत, पारावर, कांद्याच्या वखारीत, कुठंही. लोक मुद्दाम विषय काढायचे आणि बाजूला होऊन मजा बघायचे.

पुढं गटारीचा ठेकेदार आला, दिवाबत्तीचा आला, त्यांचीही बिलं अडकलेली. मी त्यांना वकिलाचा पत्ता द्यायचो. तू त्यांना दारातच गाठून विचारायचास, "तुझं काम आळीतल्या बायांना म्हाईत हाय का? मग आधी त्यांना सांग." गडी दोन्हीकडे जायचे आणि पैसे निघायचे. म्हणजे निकाल परत लागायचाच नाही! मला वाटतं तू हे मुद्दाम करायचास.

दवाखान्यात शेवटी शेवटी तुझ्या नाकात नळी होती, बोलता येत नव्हतं. मी खाटेशेजारी बसून एकटाच बोलत होतो, पाऊस कसा, गुलाबाला भाव काय. तू काही हलेनास. म्हणून मी हळूच म्हटलं, "काही म्हण निवृत्ती, वॉरंटच." तुझा हात चादरीतनं वर आला आणि हवेत तोटी फिरवलीस. नर्स म्हणाली, पेशंटला त्रास देऊ नका. त्रास! अगं बाई, तो जिवंत आहे हे मला तेवढ्यावरनंच कळत होतं.

तुझे आभार मानायचे राहिले. मानले असते तर तू विचारलं असतंस, कशाबद्दल, पाण्याबद्दल ना? आणि फसलो असतो. म्हणून नाही मानले. आताही मानत नाही. पण भल्या माणसा, पुढच्या साली तुझे गुलाब परत फुलले, तेव्हा पहिला गठ्ठा मार्केटला न पाठवता तू माझ्या ट्रॅक्टरच्या सीटवर ठेवून गेला होतास. काही न बोलता. त्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

दहाव्याला रामकुंडावर पिंड मांडला आणि कावळा शिवेना. झाडावर बसलेत, बघतायत, येत नाहीत. बाळासाहेब हात जोडून म्हणाला, "बाबा, मळा विकणार नाही." नाही आला. वहिनी म्हणाल्या, "नातीचं लग्न थाटात करू." नाही आला. ऊन चढलं. गुरुजींनी दर्भ हातात घेतला, आता दर्भाचा कावळा करतो म्हणाले. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

वहिनी जवळ येऊन हळू म्हणाल्या, "भाऊजी, म्हणून टाका ना एकदा. पाण्यानं आले म्हणा. तुमचं काय जातंय?"

"माझं सगळं जातंय वहिनी."

"अहो, त्यांचा जीव अडकलाय."

म्हणावं असं वाटलंही, देवाशपथ. पण दर्भाचा कावळा बघितला आणि वाटलं, ह्या माणसाला गवताच्या गाठीनं वाटेला लावायचं? आणि त्यातनं मी खोटं बोललो तर ते त्याला कळणार नाही? मी पुढं झालो, पिंडासमोर उभा राहिलो आणि भर रामकुंडावर ओरडलो, "निवृत्ती! पैसे वॉरंटानं आले! वॉरंटानंच! धमक असेल तर ये आणि खोटं पाड मला!"

वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा सरळ खाली आला. भात घेतला, माझ्याकडे मान वाकडी करून बघितलं आणि कावकाव करत उडाला.

शेजारी दुसऱ्यांचे दहावे चालले होते, ती माणसंसुद्धा हसली. गुरुजींनी तोंड फिरवलं. वहिनी पदरात तोंड घालून हसतायत का रडतायत कळेना. म्हणाल्या, "झालं समाधान? जिंकले ते."

"जिंकला नाय वहिनी," मी म्हटलं, "बोलून गेलाय नुसता. आता बोलायची बारी माझी."